चित्र आणि विस्मय

संस्कृत भाषेंत ‘चित्र’ ह्या शब्दाचा एक अर्थ रेखाटलेली अथवा रंगविलेली आकृति असा आहे, हें सर्वांस ठाऊकच आहे. परंतु त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘आश्चर्य’ असा असून, अमरसिंहानें आपल्या कोशांत विस्मय आणि अद्भुत ह्यांच्याच पंक्तीस ‘चित्र’ ह्या शब्दाला बसविलें आहे. एकाच शब्दाच्या पोटीं हे दोन अर्थ यावेत ह्यांत मोठें मर्म आहे, असें मला नेहमींच वाटत आलें आहे. जी आकृति पाहून मन क्षणभरही थबकत नाहीं, ती भिंतीची शोभा करील, रिकामी जागा भरून काढील. पण ‘चित्र’ हें नांव तिला पुरतें शोभत नाहीं.

हा विस्मय कसा असतो तें कालिदासानें ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकांत दाखविलें आहे. पश्चात्तापानें पोळलेला दुष्यंत स्वतःच्या हातानें काढलेलें शकुंतलेचें चित्र पाहात बसला आहे. चित्रांत तिच्या मुखाशीं झोंबूं पाहणारा एक भुंगा आहे. पाहतां पाहतां राजाला चित्राचें भान उरत नाहीं, आणि तो त्या भुंग्याला दरडावूं लागतो. शेवटीं जवळ असलेल्या विदूषकाला सांगावें लागतें कीं, हें चित्र आहे. भानावर आलेला राजा त्याचे आभार मानीत नाहीं. उलट आपलें सुख मोडलें म्हणून हळहळतो. ह्या लहानशा प्रसंगांत चित्रकलेचें रहस्य सांठविलेलें आहे. पाहणाराला भूल पडावी हें चित्राचें यश होय. आणि भूल पडल्यावर खरें काय तें सांगणारा कोणी तरी जवळ असावा, ही पाहणाराची गरज होय.

आज हा प्रसंग आठवण्याचें कारण आपल्या प्रत्येकाच्या हातांत आहे. मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर दिवसाकाठीं किती चित्रें येऊन जातात ह्याची गणती कोणी ठेवीत नाहीं. त्यांतच आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें आलीं आहेत. अशा यंत्राला एक वाक्य सांगावें, कीं जें कधीं घडलें नाहीं, जो मनुष्य कधीं जन्मला नाहीं, त्याचें हुबेहूब छायाचित्र तें पुढें ठेवतें. घरांतील वडील मंडळी तें खरें मानून चार आप्तांस धाडतात; आणि घरांतील मुलें एखादें अस्सल चित्र पाहूनही ‘हें बनवलेलें असणार’ असें म्हणून बोटानें पुढें ढकलतात. ह्या दोहोंपैकीं दुसरी गोष्ट मला अधिक चिंतेची वाटते. फसलेला मनुष्य एक वेळ सांवरतो. पण ज्याला कशाचाच विस्मय वाटेनासा झाला, त्याला दाखवावें तरी काय? म्हणून जगांतील कल्पक छायाचित्रकारांनीं आजवर विस्मय कोणकोणत्या वाटांनीं निर्माण केला, आणि त्यांतील सरळ वाट कोणती व आडवाट कोणती, ह्याचा थोडासा विचार वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

छायाचित्रणाची कला इ. स. १८३९ मध्यें पॅरिस येथें जाहीर झाली. सूर्यप्रकाश स्वतःच चित्र काढतो, मनुष्याचा हात त्यांत पडत नाहीं, सबब हें चित्र खोटें बोलूं शकत नाहीं, अशी लोकांची भावना झाली. ती भावना पुरतीं वीस वर्षेंही निर्वेध राहिली नाहीं. स्वीडनमधून येऊन इंग्लंडांत स्थायिक झालेला ऑस्कर रेलँडर हा मूळचा चित्रकार. त्यानें १८५७ सालीं ‘जीवनाचे दोन मार्ग’ ह्या अर्थाचें नांव असलेलें, सुमारें अडीच फूट लांबीचें एक छायाचित्र सिद्ध केलें. मध्यभागीं एक वृद्ध ज्ञानी पुरुष उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांस दोन तरुण आहेत. एकाचें चित्त द्यूत, मद्य आणि विलास ह्यांकडे ओढलें जात आहे. दुसरा उपासना, अभ्यास आणि उद्योग ह्यांकडे वळला आहे. कठोपनिषदांतील श्रेय आणि प्रेय ह्यांचा विवेक ज्यांनीं वाचला आहे, त्यांना ह्या चित्राचा विषय परका वाटणार नाहीं.

परंतु नवल विषयांत नव्हतें, रचनेंत होतें. त्या काळीं कांचेवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे, आणि एवढा मोठा मेळा एकाच वेळीं एका कांचेवर रेखीवपणें उतरविणें दुरापास्त होतें. म्हणून रेलँडरनें एकेका व्यक्तीचें किंवा लहान गटाचें चित्र स्वतंत्र घेतलें. अशा तीसाहून अधिक कांचा तयार झाल्यावर, कागदाचा बाकीचा भाग झांकून एकेक कांच तिच्या ठरलेल्या जागीं उतरवीत त्यानें तें विशाल दृश्य जुळविलें. मँचेस्टरच्या प्रदर्शनांत तें मांडलें गेलें, आणि व्हिक्टोरिया राणीनें त्याची एक प्रत विकत घेतली. विलासाच्या बाजूस असलेल्या विवस्त्र आकृतींबद्दल स्कॉटलंडांत बराच गहजबही झाला. पण आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पुढच्याच वर्षीं लंडनच्या छायाचित्रकारांच्या संस्थेपुढें निबंध वाचून रेलँडरनें आपली सर्व कृति उघड करून सांगितली. त्यानें दुष्यंताला भूल पाडली, आणि विदूषकाचें कामही आपणच केलें.

त्याच १८५८ सालीं हेन्री पीच रॉबिन्सन ह्यानें पांच कांचांवरून एक चित्र जुळविलें. क्षयानें खंगलेली एक तरुण मुलगी खुर्चींत निजली आहे. जवळ दोघी स्त्रिया आहेत. पाठमोरा पुरुष खिडकींतून बाहेर पाहात उभा आहे. हें चित्र पाहून पुष्कळांचीं मनें दुखावलीं. मरणाच्या दारीं असलेल्या मुलीसमोर कॅमेरा नेऊन ठेवणें हें निर्दयपणाचें आहे, असें त्यांना वाटलें. वास्तविक ती मुलगी चांगली निरोगी होती! ह्याहून करुण प्रसंग तैलचित्रांत कितीतरी रंगविले गेले होते, आणि त्यांविषयीं कोणी तक्रार केली नव्हती. छायाचित्रावर लोकांचा विश्वास होता, म्हणूनच तें त्यांना बोंचलें. हा विश्वास म्हणजे छायाचित्रकाराला मिळालेली ठेव होय. ठेव वापरण्याचा त्याला अधिकार आहे. ती बुडविण्याचा नाहीं.

ती बुडविली म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण इंग्लंडांतच साठ वर्षांनीं घडलें. यॉर्कशायरमध्यें ब्रॅडफर्ड शहराजवळ कॉटिंग्ली नांवाचें खेडें आहे. १९१७ च्या उन्हाळ्यांत तेथील एल्सी राइट ही सोळा वर्षांची मुलगी आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स ही तिची नऊ वर्षांची मामे-मावस नात्यांतील बहीण ह्या दोघींनीं वडिलांचा कॅमेरा घेऊन ओढ्याकांठीं कांहीं चित्रें घेतलीं. त्यांत फ्रान्सिसच्या समोर पंख असलेल्या चिमुकल्या पऱ्या नाचतांना दिसत होत्या. वडिलांना संशय आला. पण होतां होतां तीं चित्रें सर आर्थर कॉनन डॉइल ह्यांच्यापर्यंत गेलीं. शेरलॉक होम्ससारखा चाणाक्ष हेर निर्माण करणारा हा लेखक. परंतु महायुद्धाच्या अखेरीस त्यांचा तरुण मुलगा आणि पाठोपाठ भाऊ वारला होता, आणि परलोकविद्येकडे त्यांचा ओढा होता. १९२० च्या डिसेंबरांत ‘स्ट्रँड’ मासिकांत त्यांनीं तीं चित्रें प्रसिद्ध केलीं, आणि पुढें १९२२ मध्यें पऱ्यांवर एक पुस्तकही लिहिलें.

खरा प्रकार उघडकीस येण्यास १९८३ साल उजाडावें लागलें. एल्सीनें एका पुस्तकांतील आकृति पाहून पुठ्ठ्यावर पऱ्या काढल्या होत्या, त्या कापून टोपीच्या टांचण्यांनीं गवतांत उभ्या केल्या होत्या. पांच चित्रांपैकीं एक मात्र खरें असल्याचें फ्रान्सिस अखेरपर्यंत सांगत राहिली. वडील माणसांची थट्टा करावी एवढाच मुलींचा मूळ हेतु. पण एवढा मोठा मनुष्य आपल्या बोलण्यावर विसंबला असें पाहिल्यावर खरें सांगण्याचा त्यांना धीर झाला नाहीं, आणि साठांहून अधिक वर्षें तें ओझें त्यांनीं वाहिलें. मला ह्या कथेंत त्या मुलींचा राग येत नाहीं, आणि डॉइल ह्यांचें हसूंही येत नाहीं. मुलाच्या शोकांत बुडालेल्या बापाला जें हवें होतें तेंच चित्रांत दिसलें. दुष्यंताचीही अवस्था हीच होती. परंतु त्याच्या शेजारीं विदूषक होता. डॉइल ह्यांना शंका सांगणारे पुष्कळ होते, पण ज्यांनीं सांगावयास हवें होतें त्या दोघी गप्प राहिल्या.

आतांपर्यंत जी वाट पाहिली ती जोडणीची. नसलेलें चित्रांत आणण्याची. दुसरी वाट ह्याच्या उलट आहे. जगांत जें नित्य आहे, परंतु डोळ्यांच्या चिमटींत सांपडत नाहीं, तें पकडून समोर ठेवावयाचें. ह्या वाटेचा एक मोठा प्रवासी म्हणजे एडवर्ड मायब्रिज. धांवणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळीं भूमीवरून उचलले जातात कीं नाहीं, हा अमेरिकेंत वादाचा विषय होता. कॅलिफोर्नियांतील धनाढ्य लेलँड स्टॅनफर्ड ह्यांच्या आश्रयानें मायब्रिजनें १८७८ च्या जूनमध्यें पालो आल्टो येथें धांवपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीनें मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडा दौडत गेला; एकेक दोरा तुटत गेला आणि एकेक चित्र घेतलें गेलें. चारही पाय अधांतरीं असतात हें तर सिद्ध झालेंच. पण ते केव्हां, हें पाहून चित्रकार थक्क झाले. पाय पुढें-मागें ताणलेले असतांना नव्हे, तर पोटाखालीं गोळा झालेले असतांना घोडा अधांतरीं असतो! झेरिको ह्या फ्रेंच चित्रकारानें १८२१ मध्यें एप्समच्या शर्यतीचें जें प्रसिद्ध चित्र काढलें, त्यांत सर्व घोडे पाय ताणून हवेंत तरंगत आहेत. शतकानुशतकें घोडे असेच काढले गेले होते.

मग झेरिकोचें चित्र खोटें म्हणावयाचें काय? रोदां ह्या थोर शिल्पकारानें ह्यावर मोठें मार्मिक उत्तर दिलें आहे. त्याच्या मतें खरा असतो तो कलावंतच. कारण काल हा कधीं थांबत नाहीं, आणि कॅमेरा मात्र त्याला थांबवितो. चित्रकार मागच्या व पुढच्या क्षणांना एका देहांत आणतो, म्हणून त्याचा घोडा धांवतो. छायाचित्रांतील घोडा गोठलेला दिसतो. मला वाटतें, दोघांचेंही खरें आहे, परंतु दोघांची प्रतिज्ञा भिन्न आहे. झेरिको घोड्याचा वेग सांगतो. मायब्रिज घोड्याचें पाऊल सांगतो. ज्याची जी प्रतिज्ञा, ती त्यानें पाळली म्हणजे झालें.

ह्या दुसऱ्या वाटेवरही एक खळगा आहे, आणि तो बाहेर नसून आपल्याच मनांत आहे. आर्थर वर्दिंग्टन ह्या इंग्रज पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें १८७५ च्या सुमारास पडणाऱ्या थेंबाचा अभ्यास आरंभिला. अंधाऱ्या खोलींत पारा किंवा दूध ह्यांचा थेंब पाडावयाचा, नेमक्या क्षणीं विजेची ठिणगी चमकवावयाची, आणि डोळ्यांत जी आकृति क्षणभर रेंगाळे ती कागदावर उतरवावयाची, अशी त्याची पद्धत. जवळजवळ वीस वर्षें त्यानें असे थेंब रेखाटले. थेंब आदळतांच कांठ उसळून जो मुकुट होतो, तो त्याच्या चित्रांत कसा सर्व बाजूंनीं सारखा, जणुं सोनारानें घडविलेला. पुढें १८९४ मध्यें छायाचित्रें घेणें शक्य झालें. तेव्हां पाहतो तों मुकुटाच्या कळ्या कोठें लांब, कोठें आखूड, कोठें तुटलेल्या! मग त्यानें जुन्या चित्रांकडे नव्या नजरेनें पाहिलें. ओबडधोबड थेंब त्याला पूर्वींही दिसले होते. पण ते ‘बिघडलेले’ समजून त्याच्या मनानें बाजूला सारले होते, आणि सुबक तेवढेच खरे मानले होते.

ही गोष्ट केवळ शास्त्रज्ञाची नव्हे. वर्गांत मी मुलांना पुष्कळदां पिंपळाचें पान मनानें काढावयास सांगत असें. चाळीस मुलें चाळीस पानें काढीत, आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू आरशांत पाहिल्यासारख्या सारख्या असत. मग शाळेच्या आवारांतील झाडाचीं पानें मी वाटीत असें. कोणाची एक बाजू रुंद, कोणाचें टोंक वांकडें, कोणाला किड्यानें पाडलेलें भोंक. ‘गुरुजी, माझें पान खराब आलें,’ अशी तक्रार दरवर्षीं एक तरी मुलगा करी. आणि दरवर्षीं मी तेंच सांगत असें, ‘अरे, पान बरोबर आहे; आपलें चित्र पुन्हा काढ.’ ज्या मनाला जग आपल्या ठशाप्रमाणें हवें असतें, त्याला सुबक खोट्याचा मोह लवकर पडतो. यंत्रांनीं केलेलीं आजचीं गुळगुळीत चित्रें आपल्याला आवडतात, त्याचें एक कारण हेंच असावें.

ह्या मोहाची कसोटी विल्सन बेंटली ह्याच्या कामांत अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतांतील खेड्यांत १८६५ मध्यें जन्मलेला हा शेतकरी. त्याची आई पूर्वीं शिक्षिका होती. तिनेंच त्याला घरीं शिकविलें, आणि पंधराव्या वर्षीं एक सूक्ष्मदर्शक यंत्र दिलें. त्याखालीं हिमकण पाहून पोराला वेड लागलें. तो त्यांचीं चित्रें काढूं लागला. पण रेखाटन पुरें होण्यापूर्वींच कण वितळून जाई. पुढें वडिलांनीं नाखुषीनें कां होईना, कॅमेरा घेऊन दिला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून, ऊब नसलेल्या पडवींत कुडकुडत, १५ जानेवारी १८८५ रोजीं त्यानें हिमकणाचें पहिलें छायाचित्र घेतलें. त्या वेळीं तो एकोणीस वर्षांचा होता. काळ्या फळीवर पडता हिम झेलावा, चांगला कण हलक्या हातानें कांचेवर घ्यावा, श्वास लागून वितळूं नये म्हणून दम धरावा, असें करीत त्यानें शेती सांभाळून आयुष्यभरांत पांच हजारांहून अधिक चित्रें घेतलीं. सहा पाकळ्यांचीं तीं फुलें पाहून, एकासारखा दुसरा कण आढळत नाहीं, असें त्यानें जगाला सांगितलें. १९३१ मध्यें त्याच्या चोवीसशेंहून अधिक चित्रांचा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, हिमवादळांतून पायीं घरीं आल्यावर जडलेल्या फुप्फुसदाहानें तो वारला.

बेंटलीवरही आक्षेप आला होता. कण उठून दिसावा म्हणून तो निगेटिव्हच्या प्रतीवरील कणाभोंवतालचा लेप चाकूनें खरवडून पार्श्वभूमि काळी करीत असे. एका जर्मन शास्त्रज्ञानें ह्याला आकृतीशीं केलेली लुडबूड ठरविलें. शिवाय बेंटली सुबक कण तेवढे वेंचून घेतो, मोडकेतोडके सोडून देतो, हेंही खोटें नव्हतें. परंतु त्यानें मूळ निगेटिव्ह जपून ठेविलें, खरवडण्याची रीत लपविली नाहीं, आणि ह्या खटाटोपांत द्रव्य म्हणावें तर कांहींच मिळविलें नाहीं. कलावंताला निवड करण्याचा अधिकार आहे. कसें निवडलें हें विचारल्यावर सांगण्याची तयारी मात्र पाहिजे.

ह्या दोन्ही वाटा एकाच पुरुषानें चालून दाखविल्या, तो पुरुष आपल्या महाराष्ट्रांतला, हें सांगतांना मला अभिमान वाटतो. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके हे वैदिक घराण्यांतले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत ते शिकले, गोध्रें येथें त्यांनीं फोटोचा धंदा केला. चलच्चित्रासाठीं भांडवल देणाऱ्यांना कलेची शक्ति पटवून द्यावी, म्हणून १९१२ मध्यें त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा लावला, आणि रोज थोडें थोडें चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट सिद्ध केला. महिनाभराची वाढ पाहणारांना कांहीं क्षणांत दिसली. त्या अंकुरांत खोटें कांहींच नव्हतें. फक्त कालाचा पडदा बाजूला सारला होता. पुढें १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ आला, १९१७ मध्यें ‘लंकादहन’ आला. ‘लंकादहनां’त अण्णा साळुंके ह्यांनीं राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दनां’त खुद्द फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. हा सारा कल्पनेचा खेळ. पण तो खेळ आहे हें नाटकगृहाच्या दारांतच ठाऊक असल्यामुळें कोणाचीही ठेव बुडाली नाहीं. वाटाण्याचा अंकुर आणि कालियाच्या फणेवरचा कृष्ण, दोन्ही एकाच हातांतून आलीं, आणि दोन्ही प्रामाणिक ठरलीं.

तेव्हां निष्कर्ष एवढाच कीं, कल्पना ही सत्याची वैरीण नव्हे. मुकाट्यानें केलेली बतावणी ही मात्र दोघींचीही वैरीण आहे. कारण ती एकदां कळली म्हणजे मनुष्य पुढच्या खऱ्या हिमकणावरही विश्वास ठेवीत नाहीं. म्हणून एखादें अद्भुत चित्र समोर आलें असतां घरांतील मुलांना तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी: हें कोणी केलें, कसें केलें, आणि कशाचें म्हणून आपल्याला दाखविलें? पहिल्या दोहोंचें उत्तर मिळालें नाहीं, आणि तिसऱ्याचें उत्तर ‘घडलेली गोष्ट म्हणून’ असें आलें, तर चित्र चार आप्तांस धाडण्यापूर्वीं थांबावें. घरोघरीं थोडें विदूषकपण कोणी तरी पत्करलें पाहिजे. तें काम लोकप्रिय नसलें तरी उपकाराचें आहे.

आणि नुसतें थांबवून भागणार नाहीं; विस्मयही दिला पाहिजे. ज्या मोबाइलनें मुलांचे डोळे विटविले, त्यानेंच ते बरे करतां येतील. गॅलरींतल्या कुंडींत वाटाण्याचा एक दाणा लावावा, मोबाइल रोज एकाच जागीं, एकाच वेळीं टेकवून एकच चित्र घ्यावें, आणि महिन्यानें तीं सारीं भराभर सरकवून पाहावीं. कोंब कोणत्या दिवशीं मान उचलतो, पहिलें पान सरळ निघतें कीं वांकडें, हें ज्या मुलानें स्वतः पाहिलें, त्याला चित्र म्हणजे काय तें कोशांत पाहावें लागणार नाहीं.